बसऱ्याचे हवालदार

खानदेशांतील जुन्या घरांच्या फडताळांत काय काय सांपडतें याची कोणी यादी केली, तर ती मोठी मौजेची होईल. वाळवीनें अर्ध्या खाल्लेल्या कुंडल्या, सावकाराच्या फिटलेल्या व न फिटलेल्या रोख्यांच्या नकला, एखादी मूठ नसलेली तलवार, आणि क्वचित् राणीछाप रुपयाहून थोडें मोठें असें एक गोल पदक. या पदकाचा घरोघर एकच इतिहास सांगितला जातो : 'आमचे अमुक बसऱ्याच्या लढाईंत होते.' पुढें कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि कोणीं विचारलेंच तर सांगणारास फारसें सांगतां येत नाहीं.

आमच्या घरींही असें एक पदक होतें. गिरणेकाठच्या आमच्या गांवीं, देवांच्या टांकांशेजारीं, तें एका चिंधींत गुंडाळून ठेविलेलें असे. दसऱ्याच्या दिवशीं आजी तें बाहेर काढी, चिंचेच्या कोळानें लखलखीत घांसी, आणि मग शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा होई. शस्त्रें म्हणजे एक विळा, एक कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ. हळदकुंकू वाहतांना आजी दरवर्षीं तेंच वाक्य उच्चारी : 'मन्हा जेठ बसरानी लढाईमा हवालदार व्हता.' तिनें या जेठांस पाहिलेलें नव्हतें. तिचें लग्न होऊन ती या घरांत आली त्यापूर्वींच ते गेलेले होते. माझ्या आजोबांचे हे थोरले बंधु घरांत 'हवालदारबाबा' याच नांवानें ओळखले जात. बगदाद घेतांना ते छातीवर गोळी लागून पडले, अशी आमची सर्वांची समजूत होती.

कांहीं वर्षांपूर्वीं चार भाऊबंदांनीं घराण्याचा कुलवृत्तांत छापण्याचें मनावर घेतलें, आणि हवालदारबाबांची हकीकत लिहिण्याचें काम मजकडे आलें. मला तें सर्वांत सोपें वाटलें. बाकीच्या पूर्वजांनीं शेती केली; त्यांचा पत्ता कोठें लागणार ? हे मात्र सरकारी नोकर. सरकार कागद जपतें. दोनचार पत्रें लिहिलीं कीं भरतीच्या तारखेपासून मरणाच्या तारखेपर्यंत सगळें हातीं येईल, अशी माझी खात्री होती.

पहिला कागद म्हणून मीं तें पदकच हातांत घेतलें. पहिल्या महायुद्धांतील पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याची दांतेरी जेथें असते तेथें, धारकाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पथक हीं इंग्रजी अक्षरांत ठोकलेलीं असतात. अशा पदकाच्या धन्यांनीं भिंग घेऊन ही कड प्रथम वाचावी. निम्मा शोध तेथेंच लागतो. आमच्या पदकाच्या कडेवर क्रमांकाचे पहिले दोन आंकडे उरलेच नव्हते. शंभर दसऱ्यांच्या पूजेनें ते झिजून गेले होते. त्यापुढचें मात्र स्वच्छ वाचतां येत होतें. नांव आमच्याच हवालदारबाबांचें होतें. नांवामागें हुद्दा होता 'कुली', आणि नांवापुढें पथक होतें 'पोर्टर कोअर'.

मीं तें तीनदां वाचलें. मग आजीची चिंच आठवली. चांदी कोणी चिंचेनें घांसीत नाहीं. चिंच तांब्यापितळेस लागते. त्या युद्धाचें हें पदक, एका बाजूस पंचम जॉर्जचें मुख व दुसऱ्या बाजूस घोड्यावरील नग्न पुरुष असलेलें, लढवय्या शिपायांस चांदीचें मिळे. चिनी, माल्टी आणि हिंदी मजुरांस तेंच पदक, त्याच ठशाचें, पण ब्राँझचें देण्यांत आलें. अशीं सुमारें एक लाख दहा हजार पदकें निघालीं. म्हणजे आमची आजी, जिला अक्षरओळख नव्हती, ती धातु ओळखून होती. हवालदार आणि ब्राँझ यांचा मेळ बसत नाहीं, हें तिला सांगणारें मात्र कोणी नव्हतें.

आतां हे पोर्टर कोण, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. हिंदुस्थानांतून निघालेली फौज १९१४ च्या ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या माथ्याशीं फाव येथें उतरली आणि त्याच महिन्यांत तिनें बसरा घेतलें. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनचा तींत मुख्य भाग होता, आणि १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्यें होत्या. जनरल टाउनशेंड तिला घेऊन बगदादच्या रोखानें फार पुढें गेला, नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफॉन येथें त्याचा रेटा मोडला, आणि ७ डिसेंबरपासून कूत-अल-अमारा येथें तो वेढला गेला. २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें टेकीस येऊन सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांच्या स्वाधीन झालीं. यांपैकीं तीन हजारांवर लोक शिपाई नव्हतेच. ते भिस्ती, आचारी, खेचरवाले, डोलीवाले, झाडूवाले असे होते. इंग्रजी दप्तरांत त्यांस 'फॉलोअर' म्हणतात. आपल्या भाषेंत त्यांस जुना शब्द आहे : बुणगे.

बुणगे म्हटले कीं मराठी वाचकास पानिपत आठवतें. फौजेबरोबर बुणग्यांचा भार होता म्हणून हातपाय मोकळे राहिले नाहींत, असें म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. पराभवाचें खापर फोडण्यास बुणगे फार सोयीचे. त्यांच्या बाजूनें बखर लिहिणारा कोणी नसतो. मेसोपोटेमियाची हकीकत याच्या अगदीं उलट आहे. तेथें पहिलीं दोन वर्षें फौज बुडाली ती ओझें वाहणारीं माणसें, होड्या व डोल्या पुरेशा नव्हत्या म्हणून. बसरा हें त्या वेळीं नांवाचेंच बंदर होतें. मोठ्या जहाजास लागेल असा धक्का नाहीं, रेल्वे नाहीं, पक्की सडक नाहीं. जहाजें नदीच्या मध्यावर उभीं आणि माल छोट्या होड्यांतून कांठावर. जखमी शिपाई उघड्या तराफ्यांवर दिवसचे दिवस पडून राहिले. पार्लमेंटनें नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ च्या जूनमध्यें बाहेर पडला, तेव्हां विलायतेंत एवढा गहजब झाला कीं भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला.

कूतनंतर मग माणसांची ओढ लागली. पोर्टर कोअर, लेबर कोअर अशीं पथकें एकामागून एक उभीं राहूं लागलीं. तुरुंगांतील कैद्यांस शिक्षेंत सूट देऊन त्यांचींही पथकें बसऱ्यास पाठविण्यांत आलीं. १९१८ अखेर हिंदुस्थानांत एकंदर ८,७७,०६८ लढवय्ये व ५,६३,३६९ बिनलढवय्ये भरती झाले, असा सरकारी आंकडा आहे. म्हणजे दर पांच माणसांत जवळजवळ दोन बुणगे. आपल्या घरांतून मात्र जो गेला तो प्रत्येक जण हवालदार किंवा जमादार. हा हिशेब कोठें तरी चुकतो, हें उघड आहे. १० जून १९१८ रोजीं मुंबईच्या युद्धपरिषदेंत लॉर्ड विलिंग्डन यांनीं लोकमान्यांस बोलूं दिलें नाहीं व लोकमान्य सभात्याग करून गेले, हा प्रसंग शिकलेल्या सर्व घरांस पाठ आहे. त्या दिवशीं बसऱ्याच्या कांठावर गोणी उचलणाऱ्या खानदेशी माणसांची नांवें मात्र त्यांच्या स्वतःच्या घरांसही पाठ नाहींत.

इतकें कळल्यावर मी पत्रें लिहूं लागलों. येथें माझ्यासारख्या इतर शोधकांस उपयोगी पडेल म्हणून थोडें तपशीलानें लिहितों. हिंदी सैन्यांत भरती होणाऱ्या शिपायाचा एक 'शीट रोल' होत असे. त्यांत नांव, बापाचें नांव, जात, गांव, तालुका, जिल्हा, वय, उंची व अंगावरील खुणा असत. त्याच्या आप्तांचा 'किंड्रेड रोल' निराळा. शिवाय सांगितलेलें गांव व जात खरी कीं खोटी हें तपासण्यासाठीं 'व्हेरिफिकेशन रोल' जिल्ह्याच्या मुलकी अंमलदाराकडे येई आणि पाटलाची साक्ष होऊन परत जाई. पहिल्या महायुद्धांतील साध्या शिपायांचे हे कागद आज फार थोडे उरले आहेत. तरी ज्यांचे पूर्वज मराठा पलटणींत होते त्यांनीं पलटणीचा जुना क्रमांक आधीं पक्का करावा. १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या सहा पलटणी १९२२ च्या पुनर्रचनेंत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रींत मिळाल्या. त्या रेजिमेंटचें केंद्र बेळगांवास आहे. १११ वी महार पलटण १९१७ त उभी राहून १९२१ त मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ त नव्यानें उभारलेली आहे, तेव्हां तिच्याकडे जुन्या पलटणीची चौकशी केल्यानें निराशाच पदरीं येईल. पेन्शनदारांचे कागद प्रयागराजच्या संरक्षण लेखा कचेरीकडे, आणि पलटणींच्या रोजनिशा लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. त्यांतील पुष्कळ आतां संगणकावर घरबसल्या वाचतां येतात. या रोजनिशांत गोऱ्या अंमलदाराचा पाय मुरगळला तरी त्याचें नांव येतें. पोर्टर मात्र 'अमुक इतके आले, अमुक इतके आजारी, अमुक इतके मेले' असे येतात.

पंजाबचें नशीब या बाबतींत थोर म्हटलें पाहिजे. १९१९ मध्यें तेथील सरकारनें कोणत्या गांवांतून कोण गेला याचीं गांववार पुस्तकें करविलीं. सुमारें तीन लाख वीस हजार माणसांचीं तीं पुस्तकें लाहोरच्या संग्रहालयांत पडून होतीं. २०२१ पासून तीं लोकांसाठीं खुलीं होऊं लागलीं आणि जालंदर-लुधियान्याचीं पोरें आपल्या पणज्यांचीं नांवें त्यांत वाचूं लागलीं. आमच्या खानदेशासाठीं असें पुस्तक नाहीं. खानदेश हा सैन्यभरतीचा नांवाजलेला मुलूख कधीं नव्हता. १८२५ त आउट्रमनें धरणगांव येथें भिल्लांची पलटण उभी केली खरी, पण १८९१ त तिचें पोलिसांत रूपांतर झालें, आणि त्यानंतर खानदेशाच्या नांवाची अशी पलटण राहिली नाहीं. म्हणून येथला माणूस गेला तो कोणत्या तरी दुसऱ्या मुलखाच्या पथकांत मिसळून गेला.

शिवाय गांवांचे घोटाळे. १९०६ त खानदेशाचे दोन जिल्हे झाले : जळगांवाकडे पूर्व आणि धुळ्याकडे पश्चिम. १९६० मध्यें तीं नांवेंही गेलीं, आणि १९९८ त धुळ्यांतून नंदुरबार फुटून निघालें. इंग्रज कारकून धुळ्यास 'धुलिया' आणि चोपड्यास 'चोप्रा' लिही. साक्री तालुक्याचें जुनें नांव पिंपळनेर. जळगांव म्हणावें तर वऱ्हाडांत दुसरें जळगांव बसलेलें; अमळनेर म्हणावें तर बीडकडेही एक अमळनेर आहे. दोन महिने मी ज्या एका शिपायाचा पाठलाग करीत होतों, तो शेवटीं वऱ्हाडांतला निघाला. त्याच्या घरच्यांस तो हवा असेल; मीं त्यास सोडून दिलें.

शेवटीं राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगाच्या नोंदींकडे वळलों. पुष्कळांस वाटतें कीं दिल्लीच्या इंडिया गेटवर त्या युद्धांतील सर्व हिंदी मृतांचीं नांवें आहेत. तसें नाहीं. १९३१ मध्यें उघडलेल्या त्या कमानीवर तेरा हजारांहून थोडीं अधिक नांवें आहेत, आणि तीं मुख्यतः वायव्य सरहद्दीकडे पडलेल्यांचीं व तिसऱ्या अफगाण युद्धांतील आहेत. मेसोपोटेमियांत मेलेल्यांचें स्मारक बसऱ्यास आहे. १९२९ च्या मार्चमध्यें तें उघडलें गेलें; चाळीस हजारांवर माणसें तेथें स्मरलेलीं आहेत. पण स्मरण्याच्याही पायऱ्या आहेत. ब्रिटिशांचीं व हिंदी अंमलदारांचीं नांवें भिंतीवर कोरलीं. बाकी हिंदी शिपाई व बुणगे यांची पथकाच्या नांवाखालीं केवळ संख्या कोरली. १९९७ त इराक सरकारनें तें सबंध स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटांत नेऊन उभें केलें, तेव्हां त्या संख्याही आतां बसऱ्यापासून दूर गेल्या आहेत. अमारा येथें हिंदी लोकांचें एक दफनस्थान आहे. तेथें सुमारें पांच हजार माणसें पुरलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं ओळख पटलेलीं नऊ. पांच हजारांत नऊ ! कारण म्हणून आयोगच सांगतो कीं लष्करी अधिकाऱ्यांनीं दफनाच्या पुऱ्या नोंदी ठेविल्या नव्हत्या. एप्रिल २०२१ मध्यें याच आयोगानें स्वतःच्या जुन्या कारभाराची चौकशी करून कबूल केलें कीं मुख्यतः आफ्रिकी व इजिप्शियन मृतांपैकीं निदान एक लाख सोळा हजारांचें, व कदाचित् त्याहून कितीतरी अधिकांचें, नांवानें किंवा मुळींच स्मारक झालें नाहीं. त्याबद्दल आयोगानें माफीही मागितली. माफीचें पत्र इंग्रजींत आहे. खानदेशांतील किती घरांपर्यंत तें पोंचलें असेल, याचा विचार न केलेला बरा.

आमचे बाबा त्या मानानें भाग्यवान्. नोंदवहींत त्यांच्या नांवाचे चार 'कुली' सांपडले. बापाचें नांव किंवा गांव एकाही नोंदींत नव्हतें. परंतु क्रमांकाचे शेवटचे आंकडे पदकाशीं जुळले असे एकाच्या बाबतींत झालें, आणि त्याच्या मृत्यूचें साल १९१७, महिना उन्हाळ्याचा होता. बगदाद ११ मार्च १९१७ रोजींच पडलें होतें. त्या उन्हाळ्यांत मेसोपोटेमियांत जी माणसें मेलीं तीं बहुतेक उष्म्यानें, हगवणीनें, पटकीनें मेलीं. खुद्द बगदाद जिंकणारा जनरल मॉड त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पटकीनें मेला. त्याची समाधि बगदादेंत आहे. छातीवरची गोळी आमच्या घरांतच केव्हां तरी घडविली गेली असली पाहिजे.

लष्करी कागद येथें संपले. एक वर्ष गेलें होतें आणि हातांत एक क्रमांक व एक महिना एवढेंच आलें होतें. कुलवृत्तांत छापणारे घाई करीत होते. तेवढ्यांत एका भाचीच्या जातीच्या दाखल्यासाठीं कोतवाल बुकाची नक्कल काढण्याचें काम निघालें, आणि मी तालुक्याच्या दप्तरखान्यांत गेलों. कोतवाल बुक म्हणजे गांवच्या जन्ममृत्यूंची वही, हें आतां आपल्याकडे शाळकरी मुलांसही ठाऊक झालें आहे. दाखल्यासाठीं सर्वांस तेथें जावें लागतें. वर्षांच्या जुन्या वह्या मोडींत. मला मोडी जेमतेम येते. म्हणून नकला घेऊन मी धुळ्यास गेलों.

धुळें हें कागदांवर जीव टाकणाऱ्यांचें गांव आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं येथेंच १९२६ च्या ३१ डिसेंबरला देह ठेविला, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें उभें राहिलें. राजवाड्यांनीं गांवोगांवच्या वाड्यांतून रुमाल मागून आणून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापलीं. त्यांच्या कष्टांपुढें हात जोडूनही मनांत येतें कीं ज्यांच्या घरीं वाडा नाहीं त्यांचे रुमाल कोठें असतात ? कुणब्याचा रुमाल तलाठ्याकडे असतो. तो कुणब्यानें लिहिलेला नसतो, त्यास वाचतांही येत नसतो, आणि बहुधा त्याच्यावर आलेल्या संकटाच्याच वेळीं त्यांत भर पडते.

धुळ्याच्या एका मोडीवाचक गृहस्थांनीं नकला दोन तासांत लावून दिल्या. मी शोधीत होतों बाबांचा मृत्यु. तो गांवच्या वहींत असणार कसा ? माणूस परमुलखांत मेला तर कोतवालाच्या दृष्टीनें तो मेलाच नाहीं. सांपडल्या त्या दुसऱ्याच दोन नोंदी. एक जन्माची : बाबांच्या नांवापुढें 'मुलगी'. ते घरांतून निघून गेल्यावर झालेली. दुसरी मृत्यूची, १९१८ सालच्या दिवाळीच्या सुमाराची : तीच मुलगी, वय दीड वर्ष, कारण 'ताप'. त्या पानावर वरपासून खालपर्यंत कारणाच्या रकान्यांत 'ताप' हा एकच शब्द होता. मोडी लिहिणाऱ्याचा हात शेवटीं शेवटीं इतका थकला होता कीं नुसती एक रेघ ओढलेली दिसते. त्या वर्षीं पाऊस गेला होता, आणि इन्फ्लुएंझाच्या साथीनें एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांच्या आसपास माणसें नेलीं. आमच्या घरांत बाबांस मुलगी होती, हें मला त्या दिवसापर्यंत कोणीं सांगितलें नव्हतें. बाबांचें लग्न झालेलें होतें, हेंही नाहीं.

मग मीं फेरफाराच्या नोंदी काढविल्या. इ. स. १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हांपासून जमिनीचें गहाण, खरेदी, वारसा, सगळें गांवच्या वहींत येऊं लागलें. आमच्या घराण्याची एकंदर जमीन नदीकडची एक पट्टी, तींतच आजही आमची केळी उभी आहे. महायुद्ध सुरू होण्याच्या आधीं ही पट्टी एका सावकाराकडे मुदतगहाण पडली होती. युद्ध संपण्यापूर्वींच ती सुटलेली दिसते. नोंद अशी कीं रक्कम दोन हप्त्यांनीं रोख पावली, गहाण फिटलें. आजोबा त्या वेळीं सतरा-अठरा वर्षांचे. रोख पैसा आणील असें दुसरें कोणी घरांत नव्हतें. पोर्टर म्हणून नांव घालणारांस निघतांना आगाऊ पगार मिळे, आणि पगाराचा कांहीं भाग मागें घरीं लावून देण्याची सोय असे. पैसा बसऱ्याचाच, असें तलाठ्यानें कोठें लिहिलेलें नाहीं. तें त्याचें कामही नव्हे. परंतु पहिला हप्ता व बाबांचें जाणें हीं एकाच हंगामांतलीं आहेत, आणि हा मेळ मला योगायोगाचा वाटत नाहीं.

तिसरी नोंद त्यानंतर कांहीं वर्षांची. तींत बाबांच्या मृत्यूचा उल्लेख आहे : 'बसरा मुक्कामीं मयत.' सबंध सरकारी दप्तरांत बाबांचें मरण व बाबांचें गांव हीं एका ओळींत आलेलीं मला एवढ्या एकाच ठिकाणीं दिसलीं. वारस म्हणून पत्नीचें नांव लागलें होतें. आणि त्याच नोंदीखालीं, निराळ्या शाईनें, तें नांव कमी केलेलें होतें : 'हिनें पाट लावलेसबब.'

१८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण सुधारणेचा मोठा टप्पा म्हणून शिकतों, आणि तो आहेच. पण त्याच्या दुसऱ्या कलमानें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क बुडत असे. ज्या जातींत पाटाची चाल पूर्वापार होती, त्यांच्या बायकांस या सुधारणेनें काय मिळालें, याचा हिशेब तलाठ्यांच्या वह्यांतून कोणी तरी एकदां मांडला पाहिजे. नवरा बसऱ्यास गेला, त्याच्या पगारानें शेत सुटलें, तान्ही मुलगी तापानें गेली, आणि तरुण बाई दुसऱ्या घरीं गेली तेव्हां शेत आमच्याकडे राहिलें. तें आजही आमच्याकडे आहे. तिच्या नांवाची घरांत कोणास आठवण राहिली नाहीं, यांत मला आतां फारसें नवल वाटत नाहीं; हवालदारबाबांची आठवण मात्र दरवर्षीं चिंचेनें घांसून लखलखीत ठेविली गेली.

ही सर्व हकीकत मीं कुलवृत्तांतासाठीं दोन पानांत लिहून पाठविली. संपादक म्हणजे आमचे एक चुलत काका, वय ऐशींच्या पुढचें. त्यांनीं वाचून मला दूरध्वनि केला. आवाज चढलेला होता. 'अरे, शंभर वर्षें ज्यांस आपण हवालदार म्हणत आलों, त्यांस तूं आतां हमाल करणार काय ? आणि ती पाटाची गोष्ट ! उद्यां सोयरेधायरे हें पुस्तक वाचणार आहेत.' मीं म्हटलें, 'काका, पदकावर तसेंच आहे.' ते म्हणाले, 'पदकावर इंग्रजांनीं लिहिलें आहे. आपण इंग्रजांचें ऐकून चालावें काय ?' या प्रश्नाचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. सरकारनें एका माणसास 'कुली' म्हणून नोंदविलें, ही त्या सरकारची नजर झाली. तीच नजर आपण कां उचलावी, असें म्हणणें अगदींच वावगें नाहीं. पण हवालदार म्हणणें ही तरी कोणाची नजर ? ओझें वाहणें कमीपणाचें, हें त्या दोन्ही शब्दांत सारखेंच गृहीत आहे.

दोन दिवसांनीं काकांनीं स्वतःच तडजोड सुचविली. हुद्दा मुळींच द्यावयाचा नाहीं. 'पहिल्या महायुद्धांत बसरा येथें कामास आले' एवढीच एक ओळ. 'कामास आले' हा शब्द जुना आहे, बखरींतला आहे, आणि बाबांच्या बाबतींत तर तो शब्दशः खरा आहे. मी त्यास तयार झालों; मात्र ओळींत 'पोर्टर कोअर' हे शब्द आणि क्रमांकाचे उरलेले आंकडे घालावेत, म्हणजे पुढें कोणी शोध घेऊं लागला तर त्याची दोन वर्षें वांचतील, असा मीं आग्रह धरला. काकांनीं तो मान्य केला. गहाण सुटल्याची हकीकत ते ठेवणार आहेत. ती त्यांस मनापासून आवडली, आणि केळीच्या त्या पट्टीस आतां ते 'बसऱ्याचें शेत' म्हणूं लागले आहेत.

राहिली ती बाईंची गोष्ट. त्यांचें नांव फेरफाराच्या नोंदींत आहे. येथें तें देत नाहीं, कारण दुसऱ्या घरीं त्यांस मुलेंबाळें झालीं असतील व त्यांचे नातू-पणतू कोठें तरी नांदत असतील. माहेर तेवढें नोंदींत दिलेलें आहे : पिंपळनेर तालुका, जिल्हा पश्चिम खानदेश. म्हणजे आजची साक्री. त्या गांवचीं कोतवाल बुकें धुळ्याकडे असावींत, असें मोडीवाचक गृहस्थ म्हणाले. कुलवृत्तांताचीं मुद्रितें मीं तपासून परत केलीं आहेत. बाबांच्या ओळीखालीं एक ओळ कोरी ठेवण्याविषयीं मीं छापणारांस लिहिलें आहे, आणि पुढच्या सोमवारीं मी पुन्हां धुळ्यास जात आहें.